हौतान: शांघायने नदीची भिंत मागे घेतली, पुण्यात आपण काठ का आवळतोय?

मुळाकाठची

शांघायमध्ये हुआंगपू नदीच्या पूर्व काठावर, पुडाँग भागात हौतान नावाचं उद्यान आहे. क्षेत्रफळ १४ हेक्टर, लांबी १.७ किलोमीटर आणि रुंदी कुठे ३० मीटर तर कुठे ८०. नदीला लागून उरलेली एक चिंचोळी पट्टीच म्हणा ना. आधी तिथे पोलादाचा कारखाना आणि जहाजांची गोदी होती. पुढे ती जागा कारखान्यांचा माल आणि राडारोडा टाकायला वापरली गेली. राडारोडा नुसता वर पसरलेला नव्हता, जमिनीत पुरलेलाही होता. शेजारचं नदीचं पाणी चिनी प्रतवारीत पाचव्या वर्गाच्याही खालचं. तिथे पाचवा वर्ग म्हणजे फार तर शेतीला चालेल असं पाणी, त्याच्या खालचं कशालाच चालत नाही.

२०१० च्या वर्ल्ड एक्स्पोसाठी या जागेचं काम यू कोंगज्यान आणि त्यांच्या ट्युरेनस्केप या संस्थेकडे आलं. शेतकऱ्याच्या घरात वाढलेला हा माणूस हार्वर्डला शिकून मायदेशी परतला आणि नद्यांच्या काठचं काँक्रीट काढा म्हणून सरकारी अधिकाऱ्यांच्या मागे लागला. गेल्या सप्टेंबरात, म्हणजे २०२५ मध्ये, ब्राझीलमध्ये विमान अपघातात ते गेले. त्यानंतर त्यांचं काम पुन्हा वाचायला घेतलं, म्हणून हा धागा.

हौतानच्या काठावर आधीच काँक्रीटची पूरभिंत होती, हजार वर्षांतून एकदा येईल अशा पुराच्या हिशोबाने बांधलेली. माथा ६.७ मीटरवर. भरती-ओहोटीने तिथे पाणी रोज २.१ मीटर वरखाली होतं, त्यामुळे भिंतीच्या पायथ्याशी फक्त चिखल आणि कचरा. माणूस पाण्यापाशी पोहोचूच शकत नव्हता. यू यांनी काठावरचं काँक्रीट काढून मोठे दगड रचले, त्यांच्या फटींत झाडोरा रुजू दिला. वीस वर्षांच्या पुराचा बांध नदीजवळ ठेवला आणि हजार वर्षांच्या पुराचा बांध मागे. या दोन बांधांमधली सगळी जागा पाणथळीला दिली.

त्या पाणथळीतून नदीचंच पाणी फिरवतात. ते आधी एका लांब भिंतीवरून खाली पडतं, त्यात त्याला हवा मिळते. मग पायऱ्यापायऱ्यांच्या वाफ्यांतून सावकाश पुढे सरकतं. गाळ तळाशी बसतो. पाणकणसासारख्या पाणवनस्पतींच्या मुळांभोवतीचे जीवाणू सेंद्रिय घाण फस्त करतात आणि नत्र-स्फुरद झाडं उचलतात. दिवसाला २४०० घनमीटर पाणी तिसऱ्या वर्गाचं होऊन बाहेर पडतं असा संस्थेचा आकडा आहे. तिसरा वर्ग म्हणजे पोहता येईल असं पाणी.

माझा मुद्दा पुण्याचा आहे. मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून ४४ किलोमीटरचा नदीकाठ सुशोभित करायचं काम चालू आहे. काठाला भराव घालायचा, बांध घालायचा आणि त्यावरून चालायचं. हौतानला पूरभिंत मागे गेली, आपल्याकडे काठ पात्राकडे सरकतोय. उद्यान दोन्हीकडे म्हणतात, पण एकात नदीला जागा मिळते आणि दुसऱ्यात तिची जागा जाते. यावर मतं हवी आहेत, विरोधी असली तरी.

निवृत्त_जलनिस्सारण

धागा चांगला आहे, पण गणित करू या. माझी नोकरी मैलापाण्यातच गेली.

२४०० घनमीटर म्हणजे २.४ एमएलडी (एक एमएलडी म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर). पुण्यात जायका या जपानी संस्थेच्या कर्जातून जी ११ मैलापाणी शुद्धीकरण केंद्रं घेतली आहेत, त्यांची एकत्रित क्षमता ३९६ एमएलडी. म्हणजे तेवढ्या पाण्याला १६५ हौतान लागतील. प्रत्येक १.७ किलोमीटरचं, म्हणजे २८० किलोमीटर काठ. तुमच्या ४४ किलोमीटरचे दोन्ही काठ धरले तरी ८८ भरतात. शिवाय हौतानमध्ये येतं ते नदीत मिसळून पातळ झालेलं पाणी. आपल्या नाल्यातून येतं ते कच्चं मैलापाणी. त्याला त्याच पाणथळीत कितीतरी जास्त दिवस ठेवावं लागेल, म्हणजे जागा आणखी वाढली.

शांघायची नदी हौतानने सुधारलेली नाही. १९९८ पासून हुआंगपूला मिळणाऱ्या सुझोऊ खाडीवर काम झालं, नाले अडवले, भुयारी गटारं टाकली. बायलोंगगांगचं एकच शुद्धीकरण केंद्र दिवसाला २० लाख घनमीटरच्या वर पाणी घेतं. त्याचे फोटो कोणी शेअर करत नाही, कारण तिथे कमळं नाहीत.

लोकांना कमळं दाखवली की गटाराचा पैसा उद्यानाकडे वळतो. नगरसेवकाला उद्घाटनाला उद्यान लागतं, जमिनीखालची ड्रेनेज लाइन त्याला नको असते. हे मी जवळून पाहिलं आहे. म्हणून असल्या सुंदर प्रकल्पांना माझा विरोध असतो.

मुळाकाठची

@निवृत्त_जलनिस्सारण, काका, तुमचं गणित मला मान्य आहे आणि ते या धाग्यात यायलाच हवं होतं. पण एसटीपीच्या, म्हणजे मैलापाणी शुद्धीकरण केंद्राच्या, जागी पाणकणीस लावा असं मी म्हटलेलं नाही. मी बोलतेय ते बांध कुठे घालायचा त्याबद्दल.

एसटीपीतून पाणी बाहेर पडलं की पुढे काय होतं? प्रक्रिया झालेलं आणि न झालेलं पाणी थोड्या अंतरावर एकाच पात्रात मिसळतं. त्या केंद्राच्या खालच्या अंगाला अशी एक पट्टी असेल तर शेवटची सफाई तिथे होईल. तुमच्या हिशोबाने २.४ एमएलडी कमी आहे, पण एखाद्या ओढ्याच्या मुखाशी तेवढंच पाणी असतं. नदीकाठ योजनेत अशा जागा उरणार नाहीत, कारण तिथे आता भराव आणि फरसबंदी येतेय. एकदा भराव पडला की तुमची गटारं कितीही चांगली झाली तरी ती जागा परत मिळत नाही.

गिरणगावकर

तुम्ही दोघं पाण्याबद्दल बोलताय, मी जमिनीबद्दल बोलतो.

एक्स्पोची जागा ५.२८ चौरस किलोमीटर होती. तिच्यासाठी सुमारे १८ हजार कुटुंबं आणि २७० च्या वर कारखाने हलवले. १८६५ साली सुरू झालेली जियांगनान गोदी समोरच्या काठावर होती, ती उचलून चांगशिंग बेटावर नेली. त्या गोदीत आणि त्या पोलाद कारखान्यात पिढ्यान् पिढ्या काम केलेल्या माणसांचं काय झालं ते तुमच्या लेखात एका ओळीतही नाही. कारखान्याचा लोखंडी सांगाडा ‘हँगिंग गार्डन’ म्हणून ठेवला, त्याला वेली चढवल्या. सांगाडा ठेवला आणि माणसं काढली.

हे मला लालबाग-परळवरून कळतं. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमात गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले होते: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला आणि एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली. जिथे बांधकाम उभं होतं ती जमीन हिशोबातून बाहेर गेली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. सुमारे ६०० एकरांतून मुंबईला जी मोकळी जागा मिळायची, ती मॉल आणि टॉवरखाली गेली.

आता कोणी म्हणेल, शांघायला निदान उद्यान तरी झालं. झालं, हे खरं. पण ज्यांना उठवलं त्यांना विचारून झालं नाही. आपल्याकडे नदीकाठाला वस्त्या आहेत. उद्या ‘नदीला जागा द्या’ म्हणत पहिला बुलडोझर कुठे फिरेल ते मला सांगायला नको. पूररेषेत बांधलेला बंगला तसाच राहतो आणि पूररेषेतली झोपडी जाते.

वाचनमात्र

गिरणगावकरांना +१. धागाकर्तीचा हेतू चांगला आहे, पण वस्त्यांचा मुद्दा आधी सुटायला हवा.

पुडाँगकर

नोकरीनिमित्त इथे राहतो, हौतान घरापासून लांब नाही. मेट्रोच्या ७ नंबरच्या लाइनवर त्याच नावाचं स्टेशन आहे. दोन्ही बाजूंना पुरेल असं थोडं सांगतो.

आत शिरलं की पाणी लगेच दिसत नाही. लाकडी वाट गवतातून वळत जाते, डोक्याएवढं उंच पाणकणीस दोन्ही बाजूंनी असतं आणि मध्येच लाल-तपकिरी गंजलेल्या पोलादाची मोठी घडी वाटेच्या डोक्यावर येते. जुन्या कारखान्यातलंच पोलाद वापरलंय. बाजूच्या पायऱ्यांच्या वाफ्यांत पिकं घेतात: वसंतात मोहरीसारखी पिवळीधमक फुलं, उन्हाळ्यात सूर्यफूल, एका अंगाला भात. शहरातली पोरं तिथे भाताचं रोप पहिल्यांदा बघतात. वाफ्यांच्या उतारामुळे तीन ते पाच मीटरची चढण जाणवतसुद्धा नाही. बांध कुठे आहे ते दाखवल्याशिवाय कळत नाही.

जमिनीबद्दल: एक्स्पो संपल्यावर आजूबाजूच्या जागेवर इमारती येतील असं वाटलं होतं. शहराने तिथे मोठं उद्यान करायचं ठरवलं आणि त्याचा उत्तरेकडचा भाग २०२१ च्या शेवटच्या दिवशी उघडला. हौतान आता त्या मोठ्या हिरव्या पट्ट्याला लागून आहे. त्याआधी २०१७ अखेरीस हुआंगपूच्या दोन्ही काठांवर मिळून ४५ किलोमीटरची चालायची वाट सलग जोडली गेली. गोद्या, धक्के आणि गोदामं यांनी अडवलेली नदी लोकांना पुन्हा दिसू लागली. संध्याकाळी म्हातारी माणसं, पळणारे, बाबागाड्या अशी सगळी गर्दी असते. तिकीट नाही.

पण गिरणगावकरांना जे खटकतं तेही खोटं नाही. जुन्या रहिवाशांना लांबच्या नव्या वसाहतींत घरं मिळाली. नदीकाठ आता ज्यांच्या खिडकीतून दिसतो ते वेगळे लोक आहेत. आजूबाजूच्या घरांच्या किमती सामान्य नोकरदाराने विचारूही नयेत अशा आहेत.

आणि देखभाल. ही पाणथळ आपोआप चालत नाही. झाडं वेळेवर कापून बाहेर काढावी लागतात. वाळून तिथेच कुजली तर उचललेलं नत्र-स्फुरद परत पाण्यात. गाळही काढावा लागतो. इथे माळ्यांची फौज असते. आपल्या महापालिकेचं उद्यान खातं हे दहा वर्षं करेल का, याचं उत्तर तुम्हीच द्या.

सकाळची_फेरी

मी संगमवाडीच्या बाजूने रोज चालते. माझं मत धागाकर्तीच्या अगदी विरुद्ध आहे.

आम्हाला काठावर बांधलेली, दिवे असलेली, सपाट वाट हवी आहे. डोक्याएवढ्या गवतातून जाणारी लाकडी वाट ऐकायला छान आहे, पण पहाटे साडेपाचला एकट्या बाईने तिथून जायचं का? दर वर्षी फेब्रुवारीपासून नदीत जलपर्णी माजते आणि काठच्या सोसायट्यांत खिडक्या उघडता येत नाहीत, इतके डास. त्यात आणखी पाणथळ कशाला? आज काठावर दुर्गंधी, राडारोडा आणि दारूच्या बाटल्या आहेत. सुशोभीकरणामुळे निदान त्या गोष्टी जातील. तज्ज्ञांना निसर्ग हवा असतो, आम्हाला जायला-यायला जागा हवी असते.

मुळाकाठची

ताई, दिव्यांची आणि सुरक्षित वाटेची मागणी शंभर टक्के रास्त. मीही त्याच वाटांवर चालते. पण डासांचं कारण वेगळं आहे. डास साचलेल्या, मैलापाण्याने भरलेल्या, जलपर्णीखालच्या पाण्यात होतात. हौतानसारखी पाणथळ वाहती असते, पाण्यात मासे आणि चतुरांच्या अळ्या असतात, त्या डासांच्या अळ्या खातात. देखभाल थांबली तर मात्र तुमची भीती खरी ठरेल, पुडाँगकर तेच सांगताहेत. आणि जलपर्णी सुशोभीकरणाने जात नाही. नत्र-स्फुरद येत राहिलं की ती फरसबंदीच्या काठाला लागूनही तशीच वाढते.

वाट बांधा, दिवे लावा, पण वरच्या पूरबांधावर. खालचा काठ पाण्याला ठेवा. पुडाँगकरांनी वर्णन केलंय ते जवळजवळ तसंच आहे.

कृष्णाकाठ

सांगलीहून लिहितोय. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. गावभागातली घरं पहिल्या मजल्यापर्यंत बुडाली. त्यामुळे पुराबद्दल बोलताना मी सैल बोलू शकत नाही.

भरती-ओहोटीच्या नदीचं उदाहरण घेऊन तुम्ही धरणाखालच्या नदीबद्दल बोलताय. हुआंगपूचं पाणी रोज दोन मीटर चढतं-उतरतं, ठरलेल्या वेळी. आमच्याकडे आठ महिने पात्रात घोटाभर पाणी आणि मग वरून विसर्ग सुटला की काही तासांत सगळं बदलतं. गढूळ, वेगाचं, ओंडके घेऊन येणारं पाणी तुमचे वाफे आणि लाकडी वाट एका रात्रीत उखडेल. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून विसर्ग वाढवल्यावर सिंहगड रोडच्या एकतानगरीत काय झालं ते पुणेकरांनी पाहिलंय.

मुळाकाठची

@कृष्णाकाठ, दादा, म्हणूनच यू यांचं दुसरं काम सांगते. जिनहुआ हे त्यांच्या जन्मगावचं शहर. तिथे दोन नद्यांचा संगम आहे आणि संगमावर यानवेइझोऊ नावाची बेटासारखी जागा. पावसाळी हवामान, पावसाळ्यात पूर. तिथेही उंच काँक्रीटच्या भिंती घालून जागा कोरडी ठेवली होती. त्यांनी भिंत काढली, काठाला पायऱ्यांचा उतार दिला, त्यावर पुरात टिकणारं चिवट गवत लावलं आणि हा भाग दर वर्षी बुडणार हे धरूनच आराखडा केला. पूर येतो, गाळ टाकून जातो, त्याच गाळावर गवत पुन्हा येतं. लोकांना ये-जा करायला वरून ७०० मीटरचा पूल आहे, तो पुरातही चालू राहतो. २०१४ पासून ते उद्यान वापरात आहे.

म्हणजे उखडेल अशी वस्तू खाली ठेवायचीच नाही. हौतान जसंच्या तसं पुण्याला उचलून आणा असं कोणीच म्हणणार नाही. पण संगमाची जागा बुडू द्यायची, हे पुण्याला नेमकं लागू पडतं.

निवृत्त_जलनिस्सारण

आता दुसरी बाजूही नोंदवा. चीनने २०१५ मध्ये १६ शहरांत ‘स्पंज सिटी’, म्हणजे पावसाचं पाणी स्पंजसारखं जिरवणारं शहर, ही योजना सुरू केली, ती याच विचारातून. पुढे इतर शहरांनीही तो मार्ग धरला, त्यात झेंगझोऊ होतं, भरपूर पैसा ओतून. २० जुलै २०२१ ला तिथे एका तासात २०१.९ मिलिमीटर पाऊस पडला. मेट्रोच्या बोगद्यात १४ जण बुडाले, शहरात मृत आणि बेपत्ता मिळून आकडा ३८० झाला. पाणथळी, जिरवण-खड्डे, सच्छिद्र फरशी, काहीही कामी आलं नाही. अशा पावसाला मोठ्या व्यासाचे नाले, पंप आणि वेळेवर दिलेला इशारा लागतो. २६ जुलै २००५ ला मुंबईत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडले होते, तिथे तुमचं पाणकणीस काय करणार?

पुण्याच्या योजनेबद्दल महापालिकेचं म्हणणं आहे की पूर वाहून नेण्याची क्षमता वाढेल. ते तपासायचं तर पात्राचे छेद, पातळी आणि विसर्ग यांचे आकडे घेऊन बसावं लागेल. शांघायच्या फोटोंवरून ते ठरणार नाही.

पुडाँगकर

झेंगझोऊचा मुद्दा बरोबर, पण बोगद्यात पाणी शिरलं ते पाणथळींमुळे नव्हे. तसा पाऊस कोणतीच यंत्रणा एकटी झेलत नाही. मोठे नाले हवेत म्हणून नदीकाठ बांधून टाकायचा, हे कुठून आलं? पूर येतो तेव्हा नाल्यातलं पाणी शेवटी नदीतच पडतं ना? नदीत पाणी चढलेलं असलं की नाला उलटा वाहतो. पात्राला पसरायला जागा असेल तर ती पातळी थोडी खाली राहते, आणि मग नाल्यालाही उतार मिळतो.

मिठीपलीकडे

इतक्या वेळ शांघाय-जिनहुआ चाललंय म्हणून एक जवळचं सांगते. धारावीला लागून, मिठी नदीच्या काठावर महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. ३७ एकर. तिथे मुंबईचा कचरा पडायचा. १९८३ मध्ये सालिम अली यांच्या हस्ते पहिलं झाड लागलं, १९९४ मध्ये उद्यान लोकांसाठी खुलं झालं. कचऱ्याच्या थरावर माती टाकून आज तिथे झाडी आहे, पक्षी आहेत, फुलपाखरं आहेत. चिनी अर्थसंकल्प नव्हता, एक्स्पो नव्हता. तेव्हा ‘आपल्याकडे देखभाल होत नाही’ हे सरसकट मान्य करू नका.

त्याच उद्यानाच्या पलीकडे मिठी मात्र काळी वाहते. उद्यानाने नदी सुधारत नाही हे निवृत्तकाकांचं म्हणणं त्या एकाच जागेवर उभं राहून दिसतं.

निवृत्त_जलनिस्सारण

मिठीपलीकडे, धन्यवाद. म्हणूनच क्रम सांगतो. आधी नाले अडवा, मग केंद्रं पूर्ण क्षमतेने चालवा, मग केंद्राच्या खालच्या अंगाला धागाकर्ती म्हणतात तशी पट्टी द्या. या क्रमाला माझा विरोध नाही. पण पट्टीसाठी जागा राखायची तर विकास आराखड्यात आत्ता आरक्षण टाकावं लागेल. दहा वर्षांनी केंद्रं नीट चालायला लागतील तेव्हा तिथे पार्किंग झालेलं असेल.

मुळाकाठची

काका, हेच हवं होतं. नदीकाठ योजनेच्या ज्या टप्प्यांवर अजून काम सुरू झालेलं नाही, तिथे शुद्धीकरण केंद्रांच्या खालच्या बाजूला भराव न घालता पाणथळीसाठी जागा राखा, असा अर्ज करता येईल. छेद आणि विसर्गाचे आकडे माहिती अधिकारात मागू. मसुदा लिहायला तुम्ही मदत कराल का?

गिरणगावकर

मसुद्यात आणखी दोन कलमं घाला, नाहीतर माझी सही धरू नका. पहिलं: त्या पट्टीत जी वस्ती आहे तिचं पुनर्वसन त्याच प्रभागात, पक्की घरं ताब्यात दिल्यावरच काम सुरू. दुसरं: पट्टीच्या सातबाऱ्यावर महापालिकेचं नाव आणि ‘खुली जागा’ हा वापर कायम राहील, तो बदलायचा अधिकार आयुक्तांना किंवा स्थायी समितीला नाही. आमच्या एक तृतीयांश जमिनीचं काय झालं ते वर लिहिलंय. तेव्हाही कागदावर सगळं होतं, फक्त बदलायची वाट उघडी ठेवलेली होती.